भोंगा आणि अहवाल

सरकारी अहवाल हा वाचण्यासाठी नसतो, फडताळात ठेवण्यासाठी असतो, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. तो अगदीच खोटा आहे असे म्हणवत नाही. जाड पुठ्ठ्याचे ते ग्रंथ नुसते पाहिले तरी भल्याभल्यांना जांभई येते. विलायतेत अशा जाडजूड अहवालांना त्यांच्या वेष्टनावरून 'निळी पुस्तके' म्हणत. आणि जे निवेदन आटोपशीर असल्यामुळे निळ्या वेष्टनावाचून पांढऱ्या कागदातच निघे, ती 'श्वेतपत्रिका'. मार्च 1933 मध्ये हिंदुस्थानच्या राज्यघटनेविषयीची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली आणि हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांच्या चांगलाच ओळखीचा झाला.

ह्या निळ्या-पांढऱ्या कागदांच्या गोतावळ्यात एक घराणे मात्र असे आहे की, त्याची पाने उलटताना झोप उडावी. ते घराणे कामाच्या जागेविषयीच्या अहवालांचे. गिरणी, जिन, विडीचा कारखाना, तेलाची घाणी, जिथे माणूस दिवसभर राबतो तिथली हकीकत त्यांत असते. हे लिखाण एकट्याचे नसते. एक विचारतो, दुसरा सांगतो, तिसरा टिपून घेतो, चौथा आकडे जुळवतो. परंतु ज्याच्या घामाची ही हकीकत, त्याचा हात त्या लिखाणाला कितपत लागला? अहवालाचे खरेखोटे ठरते ते ह्या प्रश्नावर. तोच प्रश्न आज आपण वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या वेशीवर उभे राहून विचारणार आहोत.

पुलगाव हे आगगाडीने वाढवलेले गाव. 1867 साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या ह्या गावाच्या नावातच पूल आहे. भोवती काळी, कपाशीची जमीन. एकोणिसावे शतक सरता सरता येथे कापडगिरणी उभी राहिली. कापसाची बाजारपेठ आणि जिन-प्रेसही आलेच. त्यामुळे ह्या एकाच गावात दोन तऱ्हांची कामगार-जमात नांदू लागली. गिरणीचा कामगार बारमाही, भोंग्यावर उठणारा. जिनातला मजूर हंगामी. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली, बाजारात बैलगाड्यांची रांग लागली, की जिनाचे काम सुरू. आणि कापूस संपला की काम संपले. जिनाच्या रुळांना कापूस भरवणे, एकीकडे रुई व दुसरीकडे सरकी निवडणे, ही कामे बहुतांशी बायकांकडे असत. रुईच्या धुळीने त्यांचे केस दुपारपर्यंत पांढरे होत.

ह्या माणसांची हकीकत कागदावर कशी आली, हे पाहायचे तर आरंभ मुंबईत करावा लागतो. 1884 साली सरकारने गिरण्यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी त्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला. मागण्या सुटसुटीत होत्या: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि यंत्रात जायबंदी झालेल्याला उपचाराच्या काळात वेतन. ह्या अर्जात अर्थशास्त्र नाही की अलंकार नाहीत. परंतु कामगारांनी मिळून लिहिलेली आपल्या इकडची पहिली श्वेतपत्रिका म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले तर ते वावगे ठरू नये. रविवारची सुटी मिळायला मात्र जून 1890 उजाडला.

पुढे 1908 सालच्या फॅक्टरी-कामगार कमिशनात एक मौजेची गोष्ट घडली. प्रौढ पुरुषांचे कामाचे तास कायद्याने थेट बांधू नयेत, असा बहुमताचा कौल पडला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर ह्यांना तो पटला नाही. त्यांनी अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली आणि तास थेट बांधा असे लिहिले. तीनच वर्षांत, 1911 च्या कायद्याने, कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना 12 तासांची मर्यादा घातली गेली. अनेकांनी मिळून लिहायचे तर सर्वांचे सूर जुळलेच पाहिजेत असे आपण समजतो. येथे जो सूर वेगळा निघाला तोच पुढे कायद्याच्या कलमात वाजला. नायरांचे मत संपादणीच्या नावाखाली गाळले असते, तर तेवढे खरे हरवले असते.

ह्या घराण्यातला सर्वांत भारदस्त ग्रंथ म्हणजे व्हिटली कमिशनचा अहवाल. 1929 साली नेमलेल्या ह्या रॉयल कमिशनचे अध्यक्ष ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेचे माजी सभापती. सभासदांत एकीकडे सर व्हिक्टर ससून आणि घनश्यामदास बिर्ला ह्यांसारखे गिरणीमालक, दुसरीकडे दिवाण चमनलाल आणि आपले नारायण मल्हार जोशी. भारत सेवक समाजाचे जोशी ह्यांनी सारा जन्म कामगारांच्या प्रश्नात घातलेला. मालक आणि मजूरपुढारी एका मेजाशी बसून एका मसुद्यावर शब्दाशब्दाने झगडतात, हे दृश्य कल्पनेने तरी पाहावे! कमिशनने प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या. अहवाल निघाला 1931 मध्ये. साक्षीपुराव्याचे खंड अकरा. त्यांतला तिसरा खंड आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा.

त्या अहवालाने जगाला काय सांगितले? बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, हे एक. पगार उशिरा मिळतो म्हणून सावकाराचे दार गाठावे लागते, हे दुसरे. त्यातूनच 1936 चा वेतन-प्रदान कायदा आला. त्याने हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यांना 7 तारखेची आणि मोठ्यांना 10 तारखेची मुदत घालून दिली. लोखंडे ह्यांच्या अर्जातली 15 तारीख आठवा. त्या एका ओळीला कायद्यात शिरायला 52 वर्षे लागली.

पण मोठ्या अहवालाच्याही नजरेतून काही सुटतेच. 1934 च्या फॅक्टरी कायद्याने बारमाही कारखान्यासाठी आठवड्याची मर्यादा 54 तास ठरवली, आणि हंगामी कारखान्यासाठी 60. म्हणजे पुलगावसारख्या गावात एकाच गल्लीतल्या दोन शेजारणी. एक गिरणीत जाणारी, दुसरी जिनात. दुसरीकडून आठवड्याला सहा तास अधिक काम घेण्याची कायद्याची परवानगी! कारण तिचे काम वर्षभराचे नाही. हा भेद पुसला तो 1948 च्या कायद्याने. दोघींनाही 48 तास.

दरम्यान वर्ध्यातच एक निराळी वाट पडत होती. अखिल भारत ग्रामोद्योग संघ 1934 च्या डिसेंबरात स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे बिऱ्हाड पडले. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा. हा माणूस मूळचा विलायतेत शिकलेला हिशेबतपासनीस. गुजरातेत मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनी गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केली होती. 1938 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने त्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली. समितीने साक्षीदारांना नागपुरास बोलावून वाट पाहत बसण्याऐवजी गावे गाठली. पाहणी झाली 606 गावांची. तेली, कोष्टी, चांभार, कुंभार ह्यांच्या घरातच त्यांची कर्मशाळा. भोंगा नाही, हजेरीपट नाही. अशा कामाची मोजदाद दाराशी गेल्याविना व्हायचीच नाही, हे हिशेबतपासनिसाने ओळखले. अहवाल 1939 मध्ये छापून निघू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. शिफारशींचे पीक उभे राहिले, कापणीला धनी उरला नाही.

ही दारी जाण्याची रीत पुढे सबंध देशाच्या पातळीवर आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, फेब्रुवारी 1944 मध्ये, डी. व्ही. रेगे ह्यांच्या अध्यक्षतेखाली कामगार-अन्वेषण समिती नेमली गेली. एस. आर. देशपांडे, डॉ. अहमद मुख्तार आणि प्रा. बी. पी. अडारकर हे तिचे सभासद. त्यांची कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. 38 उद्योग निवडले, ते आपसांत वाटून घेतले. तपासनीस प्रत्यक्ष कारखान्यांत पाठवले. प्रत्येक उद्योगाचा स्वतंत्र अहवाल सिद्ध झाला. कापडगिरण्यांचा देशपांड्यांनी लिहिला. विडीचा, जो आमच्या भंडारा-गोंदियाच्या घराघरात वळला जाणारा धंदा, तो खुद्द रेग्यांनी. मग ह्या साऱ्या ओढ्यांचे पाणी 1946 च्या मुख्य अहवालात एकत्र आले. स्वतंत्र भारताच्या कामगारकायद्यांची आखणी झाली तेव्हा ही माहिती हाताशी होती.

इतके सारे सांगितल्यावर वाचक विचारतील की, ह्या जुन्या कागदांचे आज काय? त्याचे उत्तरही पुलगावच देते. गावाशेजारच्या दारूगोळा भांडारात 31 मे 2016 च्या रात्री आग लागली आणि ती विझवायला गेलेली माणसे प्राणांस मुकली. 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. त्यात रोजावर आलेले मजूरही गेले. अपघातानंतर चौकशी होतेच. परंतु खोके उचलणाऱ्या मजुराला रोज काय दिसत होते, हे अपघाताच्या आधी कोणी विचारून लिहून ठेवले, तर तो कागद जीव वाचवू शकतो. लोखंड्यांच्या अर्जात जायबंदी कामगाराचे कलम होते, ते उगीच नव्हे.

आणि ह्या कामाला कमिशनची वाट पाहायला हवी असेही नाही. गिरणीत साचे चालवलेले, जिनात कापूस भरवलेले वृद्ध हात आपल्या घरांत अजून आहेत. दिवाळीला लेकी-नातवंडे जमतात. फराळ झाल्यावर एखाद्या शाळकरी नातीने वही घ्यावी, आजीला विचारावे: किती वाजता जात होतीस? जेवायला किती वेळ मिळे? पगार कोणत्या तारखेला? तान्हे मूल कोठे ठेवत होतीस? दहा घरांतल्या दहा वह्या गावातल्या वाचनालयात एकत्र कराव्या. दोन आज्यांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही तसाच टिपावा, आणि शेवटी ज्यांनी सांगितले त्यांची नावे, लिहिणाऱ्यांच्या नावांच्या वर, घालावी.