लाटणे, साखर आणि दिवाळीचा फराळ

१/ करंजी, चकली, अनारसे, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, चिवडा. दिवाळीच्या फराळाचे हे ताट अनादी काळापासून असेच भरले जात आले आहे, असा आपला एक सुखद समज असतो. काही पदार्थ खरोखरच जुने आहेत. ते सामान्य माणसाच्या घरी कसे पोहोचले, याचा इतिहास मात्र पाककृतींपेक्षा तेल, साखर आणि रांगा यांचा अधिक आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ शब्दापासून. ‘फराळ’ हा ‘फलाहारा’चा अपभ्रंश. मूळ शब्द उपासाचा. एकादशीच्या फराळात तो अर्थ अजून जिवंत आहे. पण अभ्यंगस्नानानंतर पहाटेच पुढ्यात येणाऱ्या तळणीच्या ताटालाही आपण तेच नाव दिले. भाषेने केलेल्या विनोदांपैकी हा एक खमंग विनोद मानावा.

३/ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. राजाने काय खावे, हे त्यात सविस्तर सांगितले आहे. मंडक, पोलिका, पूरिका, वटक, घारिका ही त्यातली नावे वाचताना मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. मांडे, पोळी, पुरी, वडा, घारी ओळखू येतात. अर्थात, हे राजाचे ताट होते.

४/ आजच्या ताटात अनेक काळांचे थर आहेत. अनारसा पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत वाळवून कुटायचे आणि गुळात मुरवायचे. त्याला ना मैदा लागतो, ना साखर. शेजारची शंकरपाळी मात्र नावापासूनच फारसी वळणाची; शंकराशी तिचा संबंध नाही, ‘शकर’ म्हणजे साखरेशी आहे.

५/ आणि चिवडा? मिरची व भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजे येऊ लागल्यानंतर ते आपल्याकडे आले. यादवांच्या काळात कोणी पोहे परतले असतील. त्यांत मिरची आणि शेंगदाणा पडणे शक्य नव्हते.

६/ छापखान्याने या पदार्थांना घराबाहेर काढले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. चकली मोडत अंक वाचण्याची मराठी मध्यमवर्गाची सवय साधारण याच सुमाराची म्हणायला हरकत नाही.

७/ मग तळणीत बदल झाला. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आले. करंजीचा साटा आणि शंकरपाळीचे मोहन यांना लागणारे तूप ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या हाती पिवळ्या डब्यातील पर्याय आला. वनस्पती तुपावर टीका पुष्कळ झाली. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी की त्यात रंग मिसळावा, असा वाद थेट संसदेपर्यंत गेला. डबा मात्र स्वयंपाकघरात राहिला. रिकामा झाल्यावर धान्य साठवायला किंवा तुळस लावायलाही.

८/ खरा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. माणशी किती धान्य आणि किती साखर, हे आता सरकार ठरवू लागले. सणाचा बेत पंचांगाबरोबर शिधापत्रिका पाहूनही करावा लागला.

९/ नियंत्रणे उठवावीत, असा गांधीजींचा आग्रह होता. डिसेंबर १९४७ मध्ये साखरेवरचे नियंत्रण उठले. पण १९४९ मध्ये टंचाई इतकी वाढली की सरकारला पुन्हा हस्तक्षेप करावा लागला. पुढची कित्येक दशके साखर कधी मोकळी, कधी बांधलेली, तर कधी अर्धी मोकळी राहिली. सणासाठी जादा साखर जाहीर होणे, ही वर्तमानपत्रातली महत्त्वाची बातमी असे.

१०/ मूठभर साखरेसाठी एवढी घालमेल का, हे समजायला चाळीचा जिना चढला पाहिजे. दिवाळीत फराळाची ताटे शेजारी फिरत. वर विणलेला रुमाल, खाली प्रत्येक पदार्थाचे दोन-दोन नग. ताट रिकामे परत करायचे नाही, हा अलिखित नियम. त्यामुळे कोणाच्या घरी या वर्षी लाडू झाले नाहीत, हे सबंध मजल्याला कळे. ज्या घरी साखर पोहोचली नाही, त्या घरच्या बाईला ते ताट हातात घेताना काय वाटत असेल, याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

११/ गंमत अशी की याच वर्षांत महाराष्ट्र साखरेचा प्रदेश होत होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने नगर जिल्ह्यात लोणी येथे प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. शेतात ऊस वाढत होता. शहरातल्या गृहिणीची रांग मात्र संपत नव्हती.

१२/ १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. शेर-तोळ्याऐवजी वाटी आणि चमचा हे त्याचे माप. नव्याने संसार मांडलेल्या, सासू-आईपासून दूर राहणाऱ्या मुलीला आता चकलीची भाजणी पुस्तक उघडून करता येऊ लागली. कृती हाती आली आणि दोनच वर्षांत जिन्नस महागले.

१३/ १९७२ चा दुष्काळ. ग्रामीण महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे, सुकडी, आयात केलेला लाल मिलो. मुंबईत धान्य, तेल, साखर, रॉकेल यांचे भाव भडकलेले आणि माल दुकानातून गायब. त्याच वर्षी ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’ स्थापन झाली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी कम्युनिस्ट. एरवी एका व्यासपीठावर क्वचितच दिसणारे पक्ष तेलाच्या भावाने एकत्र आणले.

१४/ या आंदोलनाचे शस्त्र होते लाटणे. ज्या लाटण्याने करंजीची पारी लाटायची, ते हातात उंच धरून आणि थाळ्या वाजवत हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांतल्या अनेकींनी आयुष्यात पहिल्यांदाच मोर्चा पाहिला होता, तोही आतून. माझ्या मते मराठी स्त्रियांच्या राजकीय इतिहासातील हे सर्वांत अचूक प्रतीक आहे. ते कोणा चित्रकाराने काढलेले नव्हते. ते ओट्यावरच पडलेले होते.

१५/ ‘स्वयंपाकघराचा प्रश्न’ म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होई, तो भाववाढ, साठेबाजी आणि वितरणाचा प्रश्न आहे, हे या बायकांनी जाहीरपणे मांडले. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि मोर्चे थांबले. नेत्या तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या.

१६/ त्यानंतरची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची. साखरेची रांग ओसरली आणि टंचाई वेळेची सुरू झाली. नोकरी करणाऱ्या बाईच्या घरी ‘तयार फराळ’ आला. तो करणारे हात मात्र बहुधा दुसऱ्या बाईचेच. अमेरिकेतल्या मुलासाठी कुरियरचा डबा दिवाळीच्या कितीतरी आधी भरला जाऊ लागला. त्यात अनारसे टिकतात, करंजीचे तुकडे होतात, हे अनुभवी आयांना ठाऊक असते.

१७/ २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. यादी पुन्हा वाचून पाहा. तो लाडवांचा आणि शेवेचा हिशेब आहे. पुढच्या वर्षी त्यात मैदा आणि पोहे वाढले. म्हणजे शंकरपाळी आणि चिवडा.

(धागा समाप्त)