फुगवटा आणि वजनकाटा : हार्ट फेल्युअरच्या उपचाराचा इतिहास

टेंभुर्णीत या विषयावर बोलायचं तर पहिली अडचण शब्दाचीच येते. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हटलं की माणूस गेला. म्हणून डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर आहे' असं सांगितलं की घरचे थेट पाहुण्यांना फोन लावतात. पण या आजारात हृदय बंद पडलेलं नसतं. ते चालू असतं, फक्त शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं.

मग होतं काय? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळेल, कारण उजनी तुमच्या शेजारी आहे. आवक चालू आणि विसर्ग कमी, म्हणजे फुगवटा मागे मागे पसरत जातो. शरीरातही तसंच. मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरलं की आडवं झाल्यावर दम लागतो, पायात उतरलं की संध्याकाळी चप्पल घट्ट होते. त्यात मूत्रपिंडांना वाटतं की रक्तच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. फुगवटा आणखी वाढतो.

ही सूज माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला बारावा अध्याय सुजेचाच आहे आणि तिथे वर्ज्य पदार्थांत मिठाचं नाव येतं. हृदयाची सूज कुठली आणि मूत्रपिंडाची कुठली, हे तेव्हा आजच्यासारखं तपासून सांगता येत नव्हतं. पण मिठाशी वैर आहे, एवढं निरीक्षण पक्कं होतं.

पुढचा मोठा टप्पा इंग्लंडमधला. 1775 मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरकडे सुजेवरचं एक घरगुती औषध मत मागायला आलं. श्रॉपशायर परगण्यातल्या एका म्हातारीनं ते गुपित जपलं होतं. वीसेक वनस्पतींचं ते मिश्रण. विदरिंग स्वतः वनस्पतींचा जाणकार. खरं काम फॉक्सग्लोव्ह या एकाच झाडाचं आहे, हे त्यानं ओळखलं. दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवून 1785 मध्ये त्यानं पुस्तक काढलं. त्या नोंदींत फसलेले उपचारही त्यानं लपवले नाहीत. आणि एक फार मोलाची गोष्ट सांगितली : लघवी वाढली, मळमळ झाली, नाडी मंदावली किंवा जुलाब लागले, यांपैकी काहीही दिसलं की औषध थांबवा. म्हणजे औषधाइतकंच महत्त्व खुणा ओळखण्याला. त्याच कुळातल्या झाडापासून निघालेलं डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना दिलं जातं.

विसाव्या शतकात औषधं झपाट्यानं आली. 1919 मध्ये व्हिएन्नात गरमीच्या आजारासाठी दिलेल्या पाऱ्याच्या इंजेक्शननं लघवी भरपूर होते, हे एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात आलं. पुढे 1960 च्या दशकात फ्युरोसेमाइड आलं, आपण जिला 'पाण्याची गोळी' म्हणतो ती. 1987 मध्ये एनालाप्रिल या गोळीमुळे गंभीर रुग्णांमधले मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झालं.

मग प्रश्न सुटला का? नाही. माणूस बरा होऊन घरी जायचा आणि पुन्हा सुजून परत यायचा. 1995 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरीच्या पुढचे 282 रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय नर्सनं बसून आजार समजावला, जेवणाचं आणि गोळ्यांचं नीट सांगितलं, घरी गेल्यावरही चौकशी ठेवली. 90 दिवसांत पहिल्या गटात 94 वेळा पुन्हा भरती, दुसऱ्यात 53 वेळा. नवीन औषध एकही नव्हतं बघा.

कुणी म्हणेल, ते अमेरिकेत. आपल्याकडे शिकलेली माणसं कुठे आहेत? तर करमाळ्याच्या पलीकडे जामखेड आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. त्यांचं काम हार्ट फेल्युअरपुरतं नव्हतं. पण डॉक्टरांकडचं ज्ञान गावात देता येतं आणि ते टिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता आपलं घर. पावसाळ्यात सकाळी उठलं की आपण विचारतो, 'उजनी किती टक्के?' तसंच या रुग्णानं रोज वजन विचारावं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. आकडा कॅलेंडरवर लिहायचा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं, तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उशा वाढवाव्या लागल्या, रात्री दम लागून उठावं लागलं, तरीही कळवा. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर वाट बघू नका, 108 ला फोन करा.

मिठाचं म्हणाल तर कडक भाकरीत दोष नाही. दोष तिच्यासोबतच्या लोणच्याचा, पापडाचा आणि माफ करा, आपल्या शेंगाचटणीचाही. गुडघेदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्या शरीरात पाणी धरतात. आणि पंढरपूरला निघताना 'वाटेत लघवीची पंचाईत नको' म्हणून पाण्याची गोळी बंद करू नका. वेळ पुढेमागे करता येते का, ते आधी डॉक्टरांना विचारा.

मघाशी या आजींनी विचारलं, 'मला लिहिता येत नाही, मी काय करू?' आजी, नातवाला लिहायला सांगा. काट्यावर मात्र तुम्ही स्वतः उभ्या राहा आणि कालच्यापेक्षा आकडा किती वाढला, ते त्याला रोज विचारा.