खारघरचे ऊन, उषवदाताची पाणपोई आणि माल्कमचे महाबळेश्वर

१.
१६ एप्रिल २०२३. रविवार. खारघरच्या विस्तीर्ण मैदानावर 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा होता. ज्येष्ठ समाजसेवक आप्पासाहेब धर्माधिकारी यांच्या सन्मानासाठी लाखो श्रीसदस्य जमले होते. अनेकजण पहाटेपासून, काहीजण आदल्या रात्रीपासूनच येऊन बसले होते. लोकांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी कमाल तापमान नोंदले गेले ३८ अंश सेल्सिअस. या सोहळ्यानंतर एकूण १४ जण मृत्युमुखी पडले.

२.
पुढे मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली, एकसदस्यीय चौकशी समिती नेमली गेली, दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास शासनाने मनाई केली. आरोप-प्रत्यारोपही भरपूर झाले. त्या धुरळ्यात एक साधा प्रश्न मागे पडला : ३८ अंशांत माणसे मरतात कशी? चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५च्या पुढे जातो, तरी बाजार भरतात. मग कोकणपट्टीतले ३८ अंश इतके घातक का ठरावेत?

या प्रश्नाचा धागा धरून आज इतिहासात बरेच मागे जायचे आहे.

३.
पहिला दुवा आहे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील खाणींत. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०५ मध्ये उष्ण हवेचा माणसावर होणारा परिणाम तपासला. त्यांचा निष्कर्ष असा, की नुसता कोरडा पारा पाहून उपयोग नाही. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून येणारे 'ओले तापमान' पाहायला हवे. स्थिर हवेत हे ओले तापमान सुमारे ३१ अंशांवर गेले, की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही अंग तापू लागते.

४.
कारण सोपे आहे. घाम येण्याने अंग थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो चटकन वाळतो. खाडीकाठच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता निथळत राहतो. शरीर पाणी आणि मीठ गमावते, बदल्यात थंडावा मात्र मिळत नाही. म्हणूनच आपले हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी प्रदेशासाठी ४० अंश, तर किनारपट्टीसाठी ३७ अंश धरते. खारघरचे ३८ अंश या रेषेच्या वरचेच होते.

५.
आता शरीराच्या आत पाहू. उन्हात त्वचेकडे जाणारे रक्त प्रचंड वाढते. तीव्र उष्णतेत ते मिनिटाला सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. हे जादा रक्त पुरवायचे कोणी? हृदयाने. निरोगी हृदय हा भार सोसते. दुखणाईत हृदयासाठी मात्र सावलीविना काढलेली एक दुपार म्हणजे डोंगर चढण्यासारखे श्रम असतात. फरक इतकाच, की तो माणूस जागचा हललेलाही नसतो.

६.
येथेच जुनाट आजारांचा संबंध येतो. मधुमेह दीर्घकाळ राहिला, तर घाम आणणाऱ्या नसाच दुबळ्या होतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाण्याचा तोटाही सोसत नाही आणि अतिरेकही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणी आधीच कमी करतात. मनोविकारांवरील आणि कंपवातावरील काही औषधांनी घाम कमी येतो. म्हणजे ज्या औषधावर माणूस वर्षभर तगून असतो, तेच वैशाखात त्याची वाट अडवू शकते. तरीही ते आपल्या मनाने बंद करणे त्याहून घातक!

७.
उष्णता आणि जुनाट आजार यांच्या नात्याची एक प्रसिद्ध नोंद १८९० सालची आहे. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहोफ यांना आढळले, की मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांची दृष्टी श्रमाने तात्पुरती मंदावते. खरे कारण श्रमातून वाढणारी शरीराची उष्णता, हे पुढे कळले. या आजारात मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. अशा उघड्या तंतूतून जाणारा संदेश, शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अडखळू शकतो.

८.
मग वैद्यांनी यालाच परीक्षा बनवले. रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे. लक्षणे वाढली तर निदान पक्के. कित्येक दशके ही 'उष्णस्नान चाचणी' चालली आणि नव्या तपासण्या आल्यावर मागे पडली. या कथेतून रुग्णांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे दिलासा, कारण उन्हाने वाढलेली ही लक्षणे सहसा अंग थंड झाल्यावर ओसरतात. दुसरा म्हणजे पुरावा. 'उन्हाळा कोणाला होत नाही?' असे म्हणून ज्यांची तक्रार घरात झटकली जाते, त्यांच्या बाजूने १८९० सालापासूनचे वैद्यकशास्त्र उभे आहे.

९.
आपल्याकडे काय होते? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. ग्रीष्मात व्यायाम टाळावा, खारट-आंबट-तिखट कमी करावे, मद्य शक्यतो घेऊच नये, असे तो सांगतो. विशेष म्हणजे एरवी निषिद्ध मानलेली दिवसाची झोप ग्रीष्मात, थंड घरात, संमत आहे. भर उन्हात काम थांबवावे, हा सल्ला म्हणजे आळसाला मुभा नव्हती. ते आरोग्यशास्त्र होते.

१०.
पण थंड घर असलेल्याची सोय झाली. वाटेवरच्या माणसाचे काय? यासाठी नाशिकला पांडवलेण्यांत जावे लागते. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यात त्याच्या दानांची यादी येते. शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, तसेच गोवर्धन, भरुकच्छ येथे त्याने विश्रामगृहे, विहिरी, तलाव केले. दमण, तापी, दाहनुका आदी नद्यांवर फुकट तरी ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर 'सभा' आणि 'प्रपा' उभारल्या.

११.
प्रपा म्हणजे पाणपोई. सभा म्हणजे टेकायला आडोसा. दगडावर कोरून ठेवण्याइतके मोठे पुण्य त्या काळी कशात होते, तर अनोळखी वाटसरूला पाणी आणि सावली देण्यात. आज उन्हाळी नियोजनाचे कोणतेही सरकारी पत्रक उघडा; पहिल्या दोन ओळी याच असतील. सुमारे १९०० वर्षांपूर्वी हे आपल्या कोकणपट्टीत घडत होते.

१२.
ही परंपरा पुढे अहिल्याबाई होळकरांपर्यंत येते. उन्हाळ्यात त्या रस्तोरस्ती माणसे नेमून वाटसरूंना पाणी देववीत. महेश्वरच्या परिसरात तर नांगराला जुंपलेले बैल मध्येच थांबवून त्यांचे सेवक त्यांना पाणी पाजत. ही हकीकत नोंदवणारा माणूस मराठी नाही. तो आहे इंग्रज अधिकारी जॉन माल्कम. ग्रंथ, माळव्याविषयीचा १८२३ सालचा.

हे नाव लक्षात ठेवा. पुढच्याच वळणावर तो पुन्हा भेटणार आहे.

१३.
१८२७ मध्ये हाच माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. इंग्रजांसमोर हिंदुस्थानातील उन्हाळ्याचा प्रश्न गंभीर होता. आजारी गोरे सैनिक आणि अधिकारी सपाटीवर सुधारत नसत. सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा मिळवून १८२८ मध्ये माल्कमने महाबळेश्वरी आरोग्यस्थान वसवले. त्या वस्तीला नाव पडले 'माल्कम पेठ'. पुढे मुंबई सरकारचा कारभारच उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला जाऊ लागला.

१४.
१८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढला आणि मुंबईला अगदी जवळचे थंड हवेचे ठिकाण मिळाले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने नेरळहून डोंगरावर छोटी गाडी नेली. खारघरच्या टेकड्यांवरून पूर्वेला नजर टाकली, तर पनवेलपलीकडे प्रबळगड आणि माथेरानच्या रांगा आहेत. अंतर सरळ रेषेत जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. उंची सुमारे ८०० मीटर. उन्हाळ्यापासून सुटका नजरेच्या टप्प्यात होती. प्रश्न होता तो तिकिटाचा आणि सवडीचा.

१५.
एकाच माणसाच्या चरित्रात दोन उत्तरे अशी शेजारी-शेजारी सापडतात. अहिल्याबाईंचे उत्तर होते : जेथे ऊन आहे, तेथे पाणी न्या. माल्कमचे उत्तर होते : जेथे ऊन नाही, तेथे रुग्णाला न्या. दुसरे उत्तर वैद्यकीय दृष्ट्या चूक नव्हते. पण ते मोजक्यांचे होते. साहेब डोंगरावर गेला. जे खाली राहिले, त्यांच्या वाट्याला साहेबाच्या बंगल्यातील वाळ्याच्या ताट्या भिजवणे आणि पंख्याची दोरी ओढणे आले. आजचा वातानुकूलक हे याच दुसऱ्या उत्तराचे घरगुती रूप आहे. वातानुकूलक म्हणजे भिंतीत बसवलेले छोटे महाबळेश्वर, आणि त्याची गरम हवा जाते गल्लीत.

१६.
विसाव्या शतकात तिसरे उत्तर आले, मोजण्याचे. अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर नवशिके उन्हाने कोसळत. तेव्हा हवेची उष्णता, दमटपणा, वारा आणि उन्हाचा ताप एकत्र मोजणारा निर्देशांक तयार झाला. याग्लू आणि मिनार्ड यांचा त्यावरील प्रबंध १९५७ सालचा. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की निशाण चढायचे आणि कवायत थांबायची. कोसळणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली. सैन्यालाही उन्हापुढे थांबावे लागते, हे एकदा मान्य झाले, की बाकीच्यांनी कोणता हट्ट धरावा?

१७.
पण मोजायचे ते उन्हालाच नव्हे, मृत्यूंनाही. उष्माघात हा लबाड मारेकरी आहे. दाखल्यावर तो स्वतःचे नाव क्वचितच येऊ देतो. तेथे 'हृदयविकार' किंवा 'मूत्रपिंड निकामी' असे लिहिले जाते. म्हणून अभ्यासक नेहमीच्या मृत्यूंची संख्या वजा करून जादा मृत्यू काढतात. १९९५च्या जुलैत शिकागोमध्ये ते ७३९ भरले. २००३च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार. शिकागोच्या अभ्यासात सर्वाधिक धोका दिसला तो अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या रुग्णांना. ज्यांच्याकडे येणारे-जाणारे होते, ते अधिक वाचले.

१८.
आपल्या शेजारचे उदाहरण अहमदाबादचे. मे २०१०च्या लाटेत तेथे १,३४४ जादा मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा आला : आगाऊ इशारे, पाण्याची केंद्रे, दवाखान्यांची पूर्वतयारी. पुढे नागपूरनेही तो मार्ग धरला. नीट पाहिले तर हा आराखडा म्हणजे उषवदाताची प्रपा आणि मरीन सैनिकांचे निशाण यांची भेट आहे.

१९.
आता पुन्हा खारघर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि भातशेती, मिठागरे व गावठाणे यांच्या जागी नवी मुंबई आकाराला आली. ओवे, बेलपाडा, कोपरा ही गावे आता सेक्टरांच्या मध्ये आहेत. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ओकते. शहर भोवतालच्या रानापेक्षा उष्ण असते, हे ल्यूक हॉवर्डने लंडनबाबत १८१८ पासूनच दाखवून दिले होते. याच खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व उपचार रुग्णालय आहे, जेथे दूरदूरचे रुग्ण येतात. शहराचा उन्हाळा त्यांनाही काढावा लागतो.

२०.
इतिहासाने घरासाठी काय शिकवले? उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, की गोळ्यांची मात्रा बदलायची का आणि पाणी नेमके किती प्यायचे. पन्ह्यात साखर असते आणि मसाला ताकात मीठ. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने घ्यावे. फ्रिज नसेल, तर इन्सुलिनची कुपी पाण्यात न बुडवता मडक्याच्या गारव्यात ठेवावी. खोलीपेक्षा तेथे ती बरी राहते. ओल्या पंचाने मान आणि हात पुसावेत. शरीर उन्हाला सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून चैत्रातले पहिले ऊन अधिक जपून घ्यावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा समजू नये. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

२१.
आणि शहरासाठी? त्या रविवारी खारघरला आलेली माणसे श्रद्धेने आली होती. त्यांच्यात मधुमेही असतील, रक्तदाबाचे असतील. लाखांच्या कोणत्याही गर्दीत ते असतातच. म्हणून 'ते आधीच आजारी होते' हे उत्तर इतिहासापुढे टिकत नाही. आजारी माणूस गर्दीत आहे, हे गृहीत धरूनच सावली आखावी लागते.

उषवदाताने नदीच्या एका तीरावर प्रपा बांधली नाही, दोन्ही तीरांवर बांधली. पलीकडून कोण येणार, त्याची प्रकृती कशी, हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची गरजही त्याला वाटली नाही.