कॉकटेलच्या ग्लासातले ‘औषध’ कुठे गेले?

घराजवळ नवा छोटा कॉकटेल बार उघडला आहे. शनिवारी संध्याकाळी दोन मित्रांबरोबर तुम्ही तिथे जाता. मेनूकार्डावर जिन अँड टॉनिक, ओल्ड फॅशन्ड, मॅनहॅटन अशी नावे असतात आणि सोबत खारे शेंगदाणे, चीजचे तुकडे, पनीर टिक्का. या बेताबद्दल रुग्ण मला हमखास दोन प्रश्न विचारतात. “डॉक्टर, त्यात टॉनिक असते, म्हणजे थोडे घेतलेले चांगलेच ना?” आणि “पोटात काहीतरी असले की दारू बाधत नाही, खरे का?” हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. दोन्हींच्या मागे मोठा इतिहास आहे.

औषधाच्या बाटलीतून बारमध्ये

१८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे मुळ्या, साली, मसाले मद्यात भिजवून काढलेला कडू अर्क. तो त्या काळी पोटाचे औषध म्हणून विकला जाई. वनस्पतींमधील अनेक द्रव्ये अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात आणि अर्क टिकतो. आपल्याकडच्या आसव-अरिष्टांमध्येही आंबवल्यामुळे तयार झालेले अल्कोहोल हेच काम करते.

आजही ओल्ड फॅशन्डमध्ये घालतात ते अँगोस्तुरा बिटर्स १८२४ मध्ये योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने तयार केले. तो सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात, व्हेनेझुएलातील अँगोस्तुरा गावी काम करत होता. सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींवर त्याला उपाय हवा होता. मॅनहॅटनमधल्या व्हर्मूथचे नावही एका कडू औषधी वनस्पतीच्या जर्मन नावावरून आले आहे.

टॉनिकमधले क्विनाइन

जिन अँड टॉनिकचा धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हेंतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळे केले. हिंदुस्थानातल्या ब्रिटिशांना मलेरियाचा मोठा धोका होता आणि क्विनाइन अतिशय कडू. साखर आणि सोड्यात ते मिसळलेले टॉनिक वॉटर १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट झाले. पुढे त्यात जिन आली. तेव्हा ‘टॉनिक’ हा शब्द अगदीच खोटा नव्हता.

आता हिशेब करून पाहा. अमेरिकेतील नियमानुसार टॉनिक वॉटरमध्ये लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनाइन चालते. मलेरियाच्या उपचारात प्रौढ रुग्णाला दिवसाला साधारण १८०० मिलिग्रॅम क्विनाइन दिले जाते. म्हणजे एका दिवसाच्या डोससाठी वीस लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल! औषध चवीपुरते उरले, त्रास मात्र थोड्या मात्रेनेही होऊ शकतो. क्विनाइनची अ‍ॅलर्जी असलेल्या काही थोड्या लोकांत प्लेटलेट्स झपाट्याने कमी होऊन अंगावर लाल-जांभळे ठिपके उठतात. १९६७ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णाची नोंद ‘कॉकटेल पर्प्युरा’ या नावाने झाली. त्यातच टॉनिक वॉटरमध्ये बहुधा साखर असते. मधुमेह असेल तर टॉनिक आणि साधा सोडा एकच समजू नका.

डॉक्टरांची चिठ्ठी

१९१६ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून व्हिस्की आणि ब्रँडी वगळण्यात आल्या. १९१७ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने अल्कोहोलच्या औषधी वापराविरुद्ध ठराव केला. पण १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळू लागली. न्यूयॉर्कमध्ये मोटारीची धडक बसलेल्या विन्स्टन चर्चिल यांनाही १९३२ मध्ये अशी चिठ्ठी मिळाली होती.

आपल्याकडेही असेच काहीसे घडले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. बंदी पुढे सैल झाली, पण परवान्याची अट राहिली आणि परवान्यावर कारण लिहिलेले असते ते आरोग्य जपण्याचे! ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच अटीतून आली. कागदावरचे हे कारण म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले. पूर्णपणे निर्धोक असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले.

आणि चकणा?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गुत्त्यांमध्ये पेयाबरोबर जेवण फुकट मिळे. पदार्थ बहुतेक खारट असत, कारण खारट खाल्ले की तहान लागते आणि पुढचा ग्लास मागवला जातो. खारे शेंगदाणे, वेफर्स, मसाला पापड आजही तेच काम करतात. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तरी खाण्याचा उपयोग आहेच. अल्कोहोल जठरातून हळू आणि लहान आतड्यातून वेगाने रक्तात जाते. पोटात अन्न असेल तर ते जठरातच जास्त वेळ थांबते आणि रक्तातील पातळी एकदम चढत नाही. पण प्यायलेले अल्कोहोल नाहीसे होत नाही. आपल्याकडच्या ४२.८ टक्के मद्याच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ते निपटायला यकृताला साधारण तास ते दीड तास लागतो. एका कॉकटेलमध्ये अनेकदा ६० मिलिलिटर मद्य असते, म्हणजे दोन ते तीन तासांचे काम. हा वेग चकण्याने, कॉफीने किंवा लिंबूपाण्याने वाढत नाही.

बारमध्ये जाण्याआधी

- पीत नसाल तर तब्येतीसाठी सुरू करू नका.
- घेणारच असाल तर आधी नीट खा. मागवताना उकडलेली अंडी, पनीर, चणे, कोशिंबीर मागवा.
- ग्लास मोजू नका, त्यात किती मिलिलिटर मद्य आहे ते विचारा.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर रात्री उशिरा, झोपेतही साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, बरळणे, तोल जाणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात आणि सोबतचे लोक ‘चढली आहे, झोपू द्या’ म्हणतात. तुम्हाला मधुमेह आहे हे बरोबरच्या एकाला तरी सांगून ठेवा. शंका आली तर त्याने लगेच साखर तपासावी. शुद्धीत असाल तर साखर-पाणी द्यावे, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालयात न्यावे.
- झोपेच्या गोळ्या, यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल तर अजिबात नको.
- गाडी घरी ठेवून जा.

मित्रांसोबतच्या गप्पांसाठी जरूर जा. त्या गप्पा लिंबू-सोड्यावरही तितक्याच रंगतात.