‘कमाल’ आणि ‘छापील’ : बाजारभावाच्या इतिहासातील एक शब्दांतर

१

वस्तूचा भाव कोणी सांगावा, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसत असला तरी तो मूलतः अधिकाराचा प्रश्न होय. आज गावातल्या लहानशा किराणा दुकानातही गिऱ्हाइकाने ‘याचे किती?’ असे विचारताच दुकानदार पुडा उलटा करतो व त्यावरील आकड्याकडे बोट दाखवितो. ‘छापील आहे’ एवढ्या दोन शब्दांत संभाषण संपते. हे उत्तर इतके अंगवळणी पडले आहे की ते पुरातन असावे असा भास होतो. वस्तुतः त्याचे वय पन्नास वर्षांच्या आसपास आहे. आणि ज्या कायद्याच्या आधारे ते दिले जाते, त्या कायद्यात ‘छापील किंमत’ असा शब्दप्रयोग नसून ‘कमाल किरकोळ किंमत’ असा आहे. कायद्यातील ‘कमाल’ हा शब्द बोलीत का टिकला नाही, आणि तो गळून पडल्याने ग्राहकाच्या हातून काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

भावाविषयीचे मराठी शब्द पाहिले असता त्यांत निरनिराळ्या राजवटींचे थर आढळतात. ‘मोल’ हा शब्द संस्कृत ‘मूल्य’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला; ‘किंमत’ हा मूळचा अरबी, फारसीच्या द्वारे आलेला; आणि ‘निरख’ हा फारसी ‘निर्ख’चे मराठी रूप. यांपैकी ‘निरख’ म्हणजे केवळ भाव नव्हे, तर सरकारने ठरविलेला अथवा मान्य केलेला भाव. सत्तेने भाव बांधून देण्याची कल्पना या देशात फार जुनी आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त देशी मालावर शेकडा ५ व परदेशी मालावर शेकडा १० इतका नफा व्यापाऱ्यास घेऊ द्यावा, असे सांगितले आहे. दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी (कारकीर्द १२९६ ते १३१६) याने धान्य, कापड व जनावरे यांचे भाव बांधून दिले व त्यांवर देखरेख करण्यास स्वतंत्र अधिकारी नेमले, हे झियाउद्दीन बरनी याच्या इतिहासग्रंथावरून सर्वश्रुत आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे होती, त्यांत शहरातील भाव व वजनेमापे यांवरील देखरेख हे एक प्रमुख काम होते. पेठांमधून शेटे-महाजन हे वतनदार व्यापारविषयक व्यवस्था पाहत. थोडक्यात, निरख हा सत्तेचा शब्द होता आणि त्याची दृष्टी विक्रेत्यावर रोखलेली होती.

तथापि निरखाच्या जोडीला भावाची दुसरी एक भाषाही बाजारात नांदत होती. दलाल व व्यापारी यांची ‘नंदभाषा’ ही संख्यावाचक सांकेतिक बोली महाराष्ट्रात प्रसिद्ध होती. एकापासूनच्या प्रत्येक आकड्यास तीत निराळे नाव असे, आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास काही न कळता दोन व्यापाऱ्यांचा सौदा होई. गुरांच्या बाजारात व धान्याच्या आडतीत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत होती. माल ज्याचा, तो शेतकरी समोर उभा असूनही त्याच्या मालाचा आकडा त्यास सगळ्यांच्या शेवटी कळावा, असा तिचा परिणाम होई. शेतमालाच्या खरेदी-विक्रीसंबंधीच्या विसाव्या शतकातील कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, त्याचे कारण हेच.

निरख आणि नंदभाषा या दोन टोकांच्या मध्ये सामान्य गिऱ्हाइकाची घासाघीस चालत असे. भवानीच्या वेळी विक्रेता भाव थोडा सैल करतो, ‘शेवटचा सांगा’ म्हटले की आकडा एक पायरी उतरतो, आणि पाठ फिरवून चार पावले गेल्यावर मागून हाक येते, ही या संभाषणाची ठरीव वळणे होत. घासाघिशीत गिऱ्हाईक दुर्बळ असे, परंतु मुके नसे. ज्यास बोलता येई त्यास स्वस्त मिळे, आणि ज्यास येत नसे तो नाडला जाई, हा तिचा दोष होता. तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या जॉन वानामेकरसारख्या दुकानदारांनी मालावर किमतीची चिठ्ठी लावून सर्वांस एकच भाव देण्याचा प्रघात पाडला. त्याही आधी इंग्लंडातील क्वेकर पंथीयांनी एकच भाव सांगणे हे सत्यनिष्ठेचे लक्षण मानले होते. ज्याला वस्तूचे मोल ठाऊक नाही त्याच्याकडून अधिक घेणे हे असत्य आहे, अशी या आग्रहामागील भूमिका होती. ‘एकच भाव’ ही आपल्याकडील दुकानांत लटकणारी पाटी याच विचाराची भगिनी म्हणावी लागेल.

३

दुसऱ्या महायुद्धाने भावाच्या प्रश्नास नवे रूप दिले. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. ‘रेशन’, ‘कंट्रोल’ आणि ‘काळाबाजार’ हे शब्द घराघरांत पोचले. ‘कंट्रोलचे कापड’, ‘कंट्रोलची साखर’ अशा प्रयोगांत कंट्रोल हा जणू वस्तूचाच एक गुण बनला. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या अत्यावश्यक वस्तूंच्या कायद्याने सरकारचा भाव ठरविण्याचा अधिकार कायम राहिला. त्याच सुमारास मोजमापाची सारी भाषाच पालटली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनांचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला. शेर, छटाक, पायली, मण ही मापे प्रदेशपरत्वे निरनिराळ्या वजनांची असत. किलो मात्र सर्वत्र सारखा. एकच भाव सांगण्यापूर्वी एकच माप असावे लागते, आणि ती पूर्वतयारी या दशकात झाली.

१९७२ च्या दुष्काळाने व त्यापाठोपाठच्या महागाईने हा प्रश्न रस्त्यावर आणला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी निरनिराळ्या पक्षांतील स्त्रिया महागाईविरुद्ध एकत्र आल्या, आणि स्वयंपाकघरातील लाटणे हे मोर्चाचे चिन्ह ठरले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने सभासदांनी मिळून घाऊक खरेदी करावी व माल आपसांत वाटून घ्यावा, अशी पद्धत सुरू केली. या घटनांचे भाषिक फलही लक्षणीय आहे. ‘गिऱ्हाईक’ या शब्दाभोवती ‘गोड बोलून गळ्यात बांधण्याजोगा माणूस’ अशी जी छटा होती, ती ‘ग्राहक’ या शब्दात राहिली नाही. गिऱ्हाईक दुकानात येते. ग्राहक मोर्चात येतो व पुढे न्यायमंचापुढेही उभा राहतो.

४

छापील किमतीचा कायदा या पार्श्वभूमीवर आला. १९७६ साली वजने व मापे यांच्या मानकांचा नवा कायदा झाला, आणि १९७७ साली त्याखाली बंद पुड्यांतील मालासंबंधीचे नियम जारी झाले. पुड्यावर मालाचे नाव, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता व विक्रीची किंमत छापणे त्यांनी बंधनकारक केले. परंतु प्रारंभी किंमत छापण्याचे दोन पर्याय होते: एक सर्व करांसह, आणि दुसरा ‘स्थानिक कर वेगळे’ असा. दुसऱ्या पर्यायाने पुष्कळ विक्रेत्यांना एक सोयीची फट मिळाली. खरा कर किती हे ग्राहकास ठाऊक नसल्याने कराच्या नावाखाली वाटेल तो आकडा सांगता येई. ही फट बुजविण्यासाठी १९९० साली नियमांत दुरुस्ती झाली व ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ हा एकच पर्याय उरला. पुढे २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा व २०११ चे नियम यांनी हीच व्यवस्था चालू ठेवली.

या व्यवस्थेत दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या करावयास हव्यात. पहिली अशी की हा आकडा निरख नव्हे. औषधांसारखे काही अपवाद सोडले तर तो सरकार ठरवीत नाही, उत्पादक ठरवितो. तो किती असावा यास सर्वसाधारण मालाच्या बाबतीत कायद्याने मर्यादा नाही; छापलेल्या आकड्याहून अधिक घेऊ नये, एवढेच बंधन आहे. दुसरी गोष्ट अशी की त्याहून कमी घेण्यास पूर्ण मोकळीक आहे. किंबहुना १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारपद्धतीविषयक कायद्याने, अमुक भावाच्या खाली विकू नये अशी सक्ती उत्पादकाने दुकानदारावर करण्यास मनाई केली होती. २००२ च्या स्पर्धा कायद्यातही अशा सक्तीचा विचार स्पर्धेस बाधक करार म्हणून केलेला आहे. म्हणजे कायद्याने छत बांधले होते. छताखाली कोठे उभे राहावयाचे, हे दुकानदार व ग्राहक यांनी आपसांत ठरवावयाचे होते.

५

येथेच शब्दाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘कमाल’ हा शब्द मराठीस नवा नव्हता. पेशवाईच्या जमाबंदीत ‘कमाल’ म्हणजे जमिनीच्या पूर्ण आकारणीचा आकडा. दुष्काळात वा लुटालुटीनंतर प्रत्यक्ष वसुलीत त्यातून सूट मिळे. शब्दाच्या पोटातच ‘येथपर्यंत, याहून अधिक नाही’ हा अर्थ होता. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस बोलीत या शब्दाचा प्रमुख अर्थ ‘आश्चर्य’ अथवा ‘पराकाष्ठा’ असा उरला होता. ‘कमाल आहे!’ म्हणणाऱ्या माणसास ‘कमाल किंमत’ हा मर्यादेचा शब्द आहे हे सहज जाणवणे कठीण होते. शिवाय पुड्यावर इंग्रजी आद्याक्षरे छापलेली असत, आणि ‘एमआरपी’ या ध्वनिसमूहात मर्यादेचा मागमूसही नव्हता. बोलीने मग स्वतःचा शब्द घडविला: ‘छापील’. हा शब्द आकडा कोठे आहे एवढे सांगतो; त्याचे स्वरूप काय आहे ते सांगत नाही. त्यातच मराठी समाजात छापलेल्या अक्षरास जे प्रामाण्य लाभले आहे, ते या आकड्यासही मिळाले. जी उच्चतम मर्यादा होती, ती रास्त किंमत ठरली.

याचे व्यावहारिक परिणाम दोन्ही बाजूंनी झाले, आणि त्यांतील चांगला परिणाम आधी नोंदविणे न्यायाचे होईल. निरक्षर, परगावचा अथवा भिडस्त ग्राहक आता नाडला जात नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पुड्यावर दर्शविलेल्या किमतीहून अधिक घेणे हा तक्रारीचा विषय मानला. त्यामुळे दूध अथवा शीतपेय ‘थंड करण्याचे’ म्हणून वर दोन रुपये मागणाऱ्या दुकानदाराशी वाद घालण्यास ग्राहकाच्या हाती पुरावा आला. दुसऱ्या बाजूने, कमी मागण्याचा संकोच वाटू लागला. भाजीच्या पाटीपुढे एका रुपयासाठी घासाघीस करणारा तोच माणूस औषधाच्या दुकानात शेकडो रुपयांचा छापील आकडा निमूटपणे देतो. ज्या पाटीवाल्या बाईने भाव छापलेला नाही तिच्याशी वाद, आणि ज्या कंपनीने छापला तिच्याशी मौन, ही विषमता छापील अक्षराने निर्माण केली. ‘सवलत’ या शब्दाचा अर्थही त्यामुळे पालटला. आकडा मुळातच फुगवून छापावयाचा आणि मग त्यातून सूट द्यावयाची, हे शक्य झाले ते ग्राहक त्या आकड्यास मर्यादा न मानता मूल्य मानू लागला म्हणूनच.

छतासंबंधीचे वादही संपले नाहीत. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की हॉटेलात बाटलीबंद पाणी देणे ही केवळ वस्तूची विक्री नसून सेवेचा भाग आहे, म्हणून तेथे छापील किमतीहून अधिक आकारता येईल. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने एकाच मालाच्या एकसारख्या पुड्यांवर ठिकाणपरत्वे दोन वेगळ्या कमाल किमती छापण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. ती १ जानेवारी २०१८ पासून अमलात आली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने दर ग्रॅम वा दर मिलिलिटर अशी एकक किंमत छापण्याची तरतूद झाली. पुड्याची किंमत तीच ठेवून आतील वजन हळूच कमी करण्याचा जो प्रघात पडला आहे, तो ध्यानी येण्यास हा आकडा उपयोगी आहे. परंतु तो वाचण्याची सवय ‘छापील’ या एका शब्दावर समाधान मानणाऱ्या ग्राहकास अद्याप लागलेली दिसत नाही.

६

भावाचा हा इतिहास येथेच थांबत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार विजेचा दर दिवसाच्या तासांप्रमाणे बदलता ठेवावयाचा आहे. सूर्यप्रकाशाच्या नेमून दिलेल्या तासांत तो सामान्य दराहून निदान २० टक्क्यांनी कमी, आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकासही निदान १० टक्क्यांनी अधिक असावा, असे त्यात म्हटले आहे. घरी विजेची मोटार भारित करणाऱ्याने मोटारीची तार कोणत्या वेळी जोडावी, हा प्रश्न आता किमतीचाही प्रश्न झाला आहे. या योजनेमागे सयुक्तिक हेतू आहे: दिवसा निर्माण होणारी सौर वीज दिवसाच वापरली जावी. तथापि असा दर आकारण्यासाठी कोणत्या घरात कोणत्या तासाला किती वीज खर्चली, याची नोंद ठेवणारे मीटर लागते. दिवसा मोटार घेऊन कामावर जाणाऱ्यास स्वस्त तासांचा लाभ कसा मिळावा, हा प्रश्न निराळाच.

येथे एक दिशाबदल दिसून येतो. निरखाच्या काळी देखरेख विक्रेत्यावर असे. कोतवालाची माणसे दुकानात जाऊन माप तपासत. तासागणिक दराच्या काळात नोंद ग्राहकाची होते. दूरध्वनीच्या पडद्यावर मागविलेल्या मोटारीचे भाडे मागणीप्रमाणे क्षणोक्षणी बदलते, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांना दोन आकडे दिसू शकतात. आकडा कसा निघाला हे सांगणारी भाषा विक्रेत्यापाशी असते व ग्राहकास ती कळत नाही. नंदभाषेचे लक्षण याहून वेगळे नव्हते.

म्हणून ‘कमाल’ या शब्दाचा आग्रह हा केवळ शब्दशुद्धीचा आग्रह नव्हे. समाजाने दीर्घ झगड्यानंतर विक्रेत्याच्या आकड्यावर छत घातले आणि त्या छताखाली बोलण्याची मुभा ग्राहकाकडे ठेवली. छत टिकले, बोलणे मात्र थांबले. ज्या व्यवहारांत आता छापण्यासाठी पुडाच नाही, तेथे ‘छापील’ हा शब्द निरुपयोगी ठरेल. ‘याहून अधिक किती घेता येणार नाही?’ हा प्रश्न मात्र तेथेही विचारता येतो, आणि तो विचारण्यासाठी लागणारा शब्द कायद्याच्या मराठीत अद्याप शिल्लक आहे.