तिसऱ्या पार्टिशनची वंशावळ

विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर नांदवायचे, तर दोघांची घरं, म्हणजे फाइल सिस्टिम, ठरलेली असतात: विंडोजला एनटीएफएस, लिनक्सला बहुधा ईएक्सटी४. अडतं ते तिसऱ्या, सामायिक पार्टिशनपाशी. फोटो, गाणी, कागदपत्रं दोन्हीकडून उघडायला हवीत, मग ते फॉरमॅट कशात करायचं? भावकीतल्या सामायिक विहिरीसारखी ही गोष्ट: पाणी किती गोड यापेक्षा दोर कोणाकोणाचा पोचतो, हे आधी बघावं लागतं.

बराच काळ दोघांचाही दोर पोचे तो फॅटपर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ मध्ये ती बेसिक या प्रोग्रामिंग भाषेसाठी रचली. फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत याचा साधा तक्ता, एवढाच तिचा गाभा. १९८१ मध्ये आयबीएम पीसीच्या डॉसमधून ती पसरली आणि सोपी असल्यामुळे पुढे कॅमेऱ्यांपासून लिनक्सपर्यंत सगळ्यांनी आपलीशी केली. १९९६ मध्ये फॅट३२ आली, पण तीत फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवला जातो, त्यामुळे ४ जीबीची फाइलही मावत नाही. शिवाय मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेले बदल सावरणारं जर्नल तिच्याकडे नाही.

जर्नल होतं १९९३ च्या एनटीएफएसमध्ये. तिची आतली रचना मात्र मायक्रोसॉफ्टने पूर्णपणे जाहीर केली नाही. लिनक्सवाल्यांनी ती उलगडत नेली. वाचणं जमलं, लिहिणं मात्र कित्येक वर्षं जोखमीचं राहिलं. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हा लिनक्सवरचा ड्रायव्हर स्थिर झाल्यावर ती धास्ती ओसरली. उलट बाजूला, रेमी कार यांच्या १९९२ च्या ईएक्सटीपासून या घराण्याचा कोड सर्वांसमोर होता, तरी विंडोजने ईएक्सटी वाचणारा स्वतःचा ड्रायव्हर दिला नाही. म्हणजे नुसतं खुलं असून भागत नाही. समोरच्याला गरज वाटावी लागते.

२००६ ची एक्सफॅट ४ जीबीची अट मोडून आली, पण पेटंटांसह. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिचा तपशील खुला केला आणि त्याच नोव्हेंबरात ती लिनक्स ५.४ मध्ये दाखल झाली. २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीचा एनटीएफएस ड्रायव्हर थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये, ५.१५ मध्ये आला.

म्हणून आज पेन ड्राइव्हसाठी एक्सफॅट आणि कायमच्या डिस्कवर जर्नल असलेली एनटीएफएस, ही निवड सयुक्तिक ठरते. एक पथ्य मात्र पाळायचं: विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप बंद ठेवायचं. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्सने त्या पार्टिशनवर लिहिलं, तर ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी डेटा बिघडू शकतो.