चित्रापासून सुटलेला आवाज

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पुढे दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला आणि बोलणारा समोर नसतानाही त्याचा आवाज पुन्हा ऐकता येऊ लागला. व्याख्यान म्हणजे मुळात आवाजच. वक्ता उठून गेला की तो हवेत विरावयाचा. कुंडलिकेकाठच्या आपल्या रोह्यात व्याख्यानाला जमणाऱ्या श्रोत्यांना ही हळहळ नवी नाही.

ही हळहळ किती खरी आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट झळकला. निर्माते अर्देशीर इराणी, नायक आपले मास्टर विठ्ठल. त्या बोलपटाचे ध्वनिमुद्रण टानर पद्धतीचे होते; म्हणजे चित्र आणि आवाज चित्रणाच्या वेळी एकाच फितीवर उमटत. बोलपटात सात गाणी होती, पण त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. आज त्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. चित्राबरोबर आवाजही गेला! याउलट, ज्या घरांनी बालगंधर्वांचे नाटक कधी पाहिले नाही, त्यांनीही गंधर्वांना तबकडीवरून ऐकले आणि आजही ऐकतात. जो आवाज वेगळा काढून ठेवला, तो राहिला. इतिहासाचा हा धडा साधा आहे, पण विसरण्याजोगा नाही.

त्या काळी आवाज वेगळा काढणे हे कंपनीचे काम होते. त्याला यंत्रे लागत, भांडवल लागे. आज ते घरच्या संगणकावर होते. यूट्यूब हे संकेतस्थळ २००५ साली निघाले आणि जगातील व्याख्याने, कीर्तने, गाणी चित्रफितींच्या रूपाने तेथे साठू लागली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, रिकार्दो गार्सिया या गृहस्थाने ‘यूट्यूब-डीएल’ नावाचा कार्यक्रम लिहिला. त्यात खिडक्या नाहीत, दाबावयाची बटणे नाहीत. संगणकाला एका ओळीत आज्ञा लिहून द्यावयाची: ‘या पत्त्यावरची चित्रफीत घे आणि तिच्यातील आवाज तेवढा काढ.’ अशा आज्ञा क्रमाने लिहून ठेवल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात. पन्नास पत्त्यांची यादी दिली, तर ती एकेक उचलून पन्नास ध्वनिफिती नावानिशी मांडून ठेवते.

यात जादू काहीच नाही. आजच्या चित्रफितीत चित्र आणि आवाज हे दोन वेगळे प्रवाह एकाच पेटीत ठेवलेले असतात. ते वेगळे करण्याचे काम २००० साली फाब्रिस बेलार याने सुरू केलेला ‘एफएफएमपेग’ हा कार्यक्रम करतो. आवाजाचा प्रवाह जसाच्या तसा उचलला, तर त्यात तिळमात्र फरक पडत नाही. तोच एमपी-३ च्या साच्यात पुन्हा ओतला, तर थोडी तरी झीज होतेच. म्हणून जतन करणाऱ्याने मूळ प्रवाहच ठेवावा.

आता कोणी म्हणेल, ही चोरी नव्हे काय? हा प्रश्न जगापुढेही आला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघाने तक्रार केली आणि ‘यूट्यूब-डीएल’ गिटहब या भांडारावरून उतरविण्यात आले. नोव्हेंबरात ते परत ठेवले गेले. कोयता शाकार करावयाला असतो, म्हणून त्याने शेजाऱ्याची केळ तोडावी असे नव्हे. परवानगीवाचून उतरवून घेण्यास त्या संकेतस्थळाचे नियम मनाई करतात. आपला कायदा १९५७ चा. तो खाजगी वापराला व संशोधनाला वाजवी मोकळीक देतो, आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपवितो. कवीचा व संगीतकाराचा हक्क मात्र निराळा मोजावा लागतो. दुसऱ्याचे गाणे उतरवून विकणे हा गुन्हाच होय.

पण जे आपलेच आहे त्याचे काय? गावोगावच्या व्याख्यानमालांच्या चित्रफिती आता संकेतस्थळावर चढविल्या जातात, आणि ‘काम झाले’ म्हणून आपण स्वस्थ बसतो. उद्या खाते बंद पडले, कळशब्द कोणी विसरला, तर त्या कोठून आणाव्यात? वक्त्याची संमती घेऊन प्रत्येक व्याख्यानाचा आवाज वेगळा काढावा, त्यावर नाव, विषय व तारीख घालावी, आणि एक प्रत ग्रंथालयात व एक अन्यत्र ठेवावी. आवाजाची फीत चित्रफितीहून कितीतरी लहान असते. खर्च फारसा नाही. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्या वडीलधाऱ्यांना ती घरी ऐकता येईल, आणि दिवा-रोहा गाडीत बसलेल्या चाकरमान्यालाही.

‘आलम आरा’च्या वेळी साधन महाग होते, म्हणून आवाज हरवला असे म्हणता येईल. आपल्या हाती साधन असून तो हरवला, तर पुढच्या पिढीला आपण कोणते कारण सांगणार आहोत?